भागतं किती, जातं किती, लागतं किती

इंदुरातल्या कुठल्याही मराठी घरात "महिन्याला किती लागतात हो?" असं विचारलं, तर उत्तर बहुधा "आमचं तिसांत भागतं" असंच येतं. सुदामा नगरातही तीस, वैशाली नगरातही तीस. एखादा मोकळेपणानं "सत्तर तरी जातात" म्हणाला, की ऐकणारा एकतर घाबरतो, नाहीतर त्याला उधळ्या ठरवून मोकळा होतो. पंचेचाळिशीत नोकरी सोडायचा हिशोब मांडणारा माणूस हेच आकडे गोळा करत फिरतो आणि तिथेच गडबड होते. भागतं, जातं आणि लागतं ही तीन वेगळी क्रियापदं आहेत आणि तिन्हींचे आकडे वेगळे निघतात.

'भागतं' हा घरखर्चाचा आकडा. आपल्याकडे घरखर्च म्हणजे मुळात घरात दिलेले पैसे: किराणा, दूध, भाजी, गॅस, कामवाली बाई, इस्त्री, फार तर वीज. पेट्रोल खिशातून, एलआयसी खात्यातून परस्पर, हॉटेल कार्डावर आणि लग्नातला आहेर "तो वेगळा". 'जातं' म्हणजे घरातल्या सगळ्या खात्यांतून बारा महिन्यांत खरोखर बाहेर पडलेली रक्कम. 'लागतं' हा पुढचा आकडा. पगार थांबल्यावर कंपनी जे परस्पर भरत होती ते आपल्यावर आल्यावरचा आणि घरातली प्रत्येक वस्तू कधीतरी बदलावी लागणार हे धरल्यावरचा. निवृत्तीच्या हिशोबाला तिसरा हवा असतो, आणि लोक एकमेकांना पहिला सांगतात.

ही चूक किती महाग पडते ते आधी बघा. लवकर निवृत्तीत वार्षिक खर्चाच्या अमुक पट रक्कम जमवायची, असा आडाखा असतो. २५ पटीचा नियम प्रसिद्ध आहे. तो विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराच्या १९९४ च्या लेखातून आला. पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचे, मग दरवर्षी महागाईइतकी वाढ करायची आणि पैसे ३० वर्षं पुरले पाहिजेत, असा तो हिशोब. आकडे सगळे अमेरिकेच्या शेअर आणि रोख्यांच्या बाजारातले. पंचेचाळिसाव्या वर्षी थांबणाऱ्याला नव्वदीपर्यंत ४५ वर्षं काढायची आहेत आणि तीही आपल्या महागाईत. म्हणून मी ३३ पट धरतो, म्हणजे वर्षाला साधारण ३ टक्के. महिना ५०,००० म्हणजे वर्षाला ६ लाख. त्याचे २५ पटीनं दीड कोटी होतात आणि ३३ पटीनं १ कोटी ९८ लाख. आता महिन्याला फक्त हजार रुपये मोजायचे राहिले असं समजा. १२,००० गुणिले ३३, म्हणजे ३ लाख ९६ हजार कमी जमवले. हजाराच्या विसरभोळेपणाला चार लाख.

आधी स्वतःचं 'जातं'

दुसऱ्याला विचारायच्या आधी आपला आकडा हातात हवा. १ एप्रिल ते ३१ मार्च असं सलग वर्ष घ्या. तीन महिन्यांची सरासरी घेऊन चारानं गुणू नका, त्यात दिवाळी, विम्याचे हप्ते आणि मालमत्ता कर एकतर चारदा येतात नाहीतर एकदाही येत नाहीत. घरातल्या सगळ्या खात्यांची विवरणं शीटमध्ये उतरवून घ्या, बायकोचं खातं आणि आईबरोबरचं जोडखातंही. मग चार रकाने करा: तारीख, रक्कम, कशासाठी आणि शेवटचा 'किती वेळा'. या शेवटच्या रकान्यात चारच शब्द लिहायचे: दरमहा, दरवर्षी, कधीतरी, संपणारा. हा रकाना पुढे फार कामाला येतो.

चुका ठरलेल्या असतात. क्रेडिट कार्डावरची खरेदीही मोजली जाते आणि कार्डाचं बिल भरलेलंही मोजलं जातं, म्हणजे तोच खर्च दोनदा. नवऱ्याच्या खात्यातून बायकोच्या खात्यात गेलेले पैसे खर्चात पडतात. परत केलेल्या मालाचे पैसे जमा होतात, पण खर्चातून वजा होत नाहीत. एसआयपी आणि आरडी खर्चात धरली जाते, वास्तविक ती बचत आहे. उलट टर्म विम्याचा हप्ता लोक बचतीत टाकतात आणि तो मात्र खर्च आहे. एटीएममधून काढलेली रोकड हा एक आंधळा कोपरा. ती एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर 'फुटकळ' म्हणून सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर दोन महिने वहीत लिहा.

त्यानंतर पगाराची स्लिप उघडा. बँकेत न दिसणारा खर्च तिथे असतो. कंपनीचा गटविमा, मोबाईल आणि इंटरनेटची भरपाई, पेट्रोल भत्ता, कॅन्टीनची कपात, ऑफिसची बस, लॅपटॉप. यातलं जे नोकरीनंतरही चालू ठेवायचं आहे ते बाजारभावानं जोडायचं. जे संपणार ते वजा करायचं, उदाहरणार्थ मध्य प्रदेशातला वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपयांचा वृत्तिकर (प्रोफेशनल टॅक्स). वजाबाकी छोटी निघते आणि बेरीज मोठी.

'लागतं' मध्ये काय शिरतं

'कधीतरी' हा शब्द ज्या ओळींपुढे पडला आहे त्या सगळ्या एकत्र करा. एक नमुना बघू. गाडी ९ लाखांची, १२ वर्षं टिकली तर महिना ६,२५०. स्कूटर १ लाख १० हजारांची, १० वर्षं, महिना ९१७. दोन मोबाईल वीस-वीस हजारांचे, ४ वर्षं, महिना ८३३. घराचा रंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग १ लाख २० हजार, दर ७ वर्षांनी, महिना १,४२९. फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी, कूलर, गीझर, आरओ, इन्व्हर्टरची बॅटरी मिळून २ लाख, सरासरी १० वर्षं, महिना १,६६७. बेरीज ११,०९६. यातला एकही रुपया बहुतेक महिन्यांत जात नाही, म्हणून कोणीच तो सांगत नाही. "आमचं चाळिसांत होतं" म्हणणाऱ्याला खरंतर एक्कावन्न लागतात आणि ३३ पटीनं हा फरक जवळजवळ ४४ लाखांचा आहे.

स्वतंत्र घर असेल तर इंदुरात आणखी एक ओळ वाढवा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंतींना तिरप्या चिरा पडतात, कुंपणाची भिंत कलते, अंगणातल्या फरशा उचकटतात. फ्लॅटमधला माणूस तुलनेला बसला की त्याच्याकडे महिन्याचा मेन्टेनन्स दिसतो आणि बंगलीवाल्याकडे शून्य. बंगलीवाल्याचा मेन्टेनन्स दहा वर्षं साठतो आणि एकदम येतो. बोअरची मोटर जळली की ती वर काढण्यापासून सुरुवात, तेही पाण्याच्या नेमक्या पाळीच्या दिवशी.

रुपये विचारू नका, नग विचारा

आता मुद्द्याची गोष्ट. पैशाचा आकडा विचारला की माणूस सावध होतो. कमी सांगितला तर आपण दरिद्री दिसू, जास्त सांगितला तर उधळे, असं त्याला वाटतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याला स्वतःलाच तो माहीत नसतो. पण "दूध किती घेता?" याला उत्तर लगेच येतं: दीड लिटर. सिलिंडर किती दिवस जातो? चाळीस दिवस. विजेची युनिटं किती? गाडी महिन्याला किती चालते? कामवाली किती वेळा येते? वर्षात लग्नं किती झाली? बाहेरगावी किती दिवस होतात? ही उत्तरं खरी असतात, कारण त्यांत लाज नाही आणि फुशारकीही नाही. नग त्यांचे घ्यायचे आणि भाव आपल्या बाजारातला लावायचा. गाडी महिना ७०० किलोमीटर आणि लिटरला १५ चा अॅव्हरेज, म्हणजे जवळजवळ ४७ लिटर. लिटरला १०६ धरले तर ५,००० च्या आसपास. शेजारच्यांनी "पेट्रोलचं काय, दोन-तीन हजार" म्हटलं असतं.

विजेच्या बिलावर हे फार स्पष्ट दिसतं. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याची खपत १५० युनिटांपर्यंत असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत पडतात आणि उरलेल्या युनिटांना नेहमीचा दर लागतो. १५० च्या वर गेलात की त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते. रीडिंग बरोबर तीस दिवसांनी होत नाही, म्हणून दिवसाला सरासरी ५ युनिटं असा हिशोब लावतात. एकाच गल्लीतली दोन घरं घ्या, तीस दिवसांत एकाची १४८ युनिटं, दुसऱ्याची १५३. फरक पाच युनिटांचा, पण बिलातला फरक शेकड्यांत. रुपयांची तुलना केली तर दुसऱ्या घरात वीज उधळली जाते असं वाटेल. युनिटांची केली तर दोन्ही घरं सारखी.

मे महिन्यात हे आणखी बिघडतं. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो. रोज रात्री चार तास चालला की दिवसाची पाच युनिटं त्यातच संपली, सवलत गेली. कूलर आठ तास चालून पावणेदोन युनिटांच्या आत राहतो. इथला मे कोरडा असल्यामुळे तो कामही चांगलं करतो. जूनच्या मध्यावर हवेत दमटपणा आला की त्याची कमाल संपते. म्हणजे कूलरवाल्या काकांचं वर्षाचं बिल तुमच्या नियोजनात उतरवायचं असेल, तर आधी ठरवा की सत्तराव्या वर्षी तुम्हीही कूलरवरच झोपणार आहात का. आणि गच्चीवर सोलर असलेल्याचं बिल तुलनेत घेऊच नका. ३ किलोवॉटच्या संचाला सूर्यघर योजनेत ७८,००० ची सबसिडी मिळाली तरी उरलेली रक्कम त्यानं आधीच भरली आहे आणि इन्व्हर्टर दहाएक वर्षांनी बदलावा लागणार आहे. त्याचं बिल 'कधीतरी'च्या ओळीत सरकलेलं आहे, नाहीसं झालेलं नाही.

दुसरं उदाहरण गव्हाचं. इंदुरातली पुष्कळ मराठी घरं अजून एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरतात. लोकवन निवडून आणायचा, ऊन दाखवायचं, एरंडेलाचा हात फिरवून कोठीत ठेवायचा. चार माणसांना वर्षाला तीन क्विंटल धरा, क्विंटलला समजा ३,००० प्रमाणे ९,००० रुपये. दुसऱ्या घरी महिन्याला २५ किलो तयार पीठ येतं, किलोला ४५ प्रमाणे १,१२५, वर्षाचे १३,५००. वर्षाचा फरक साडेचार हजार, महिन्याला ३७५, आणि दळणाचे पैसे धरले तर त्याहून कमी. पण जानेवारीत दोन्ही घरांची किराण्याची यादी शेजारी ठेवलीत तर पहिलं घर महिना सव्वाअकराशांनी काटकसरी दिसेल आणि एप्रिलमध्ये तेच आठ हजारांनी खर्चिक. मिरची, हळद, तूरडाळ यांचंही तसंच. म्हणून नग विचारताना 'वर्षाला' हा शब्द जोडायचा.

नगांच्या पलीकडे काही गोष्टी मात्र सरळ विचाराव्या लागतात. उदाहरणार्थ: "काका, चाळीस म्हणता त्यात मेडिक्लेमचा हप्ता धरलाय का? तो मुलगा भरतो? आणि वरच्या मजल्याचं भाडं?" हा भाड्याचा प्रकार सर्रास चालतो. वरचा मजला १२,००० ला दिलेला असतो आणि ते खर्चातून वजा करून उरलेला आकडा सांगितला जातो. तो त्यांच्या दृष्टीनं खोटा नाही. शेतावरून येणारा गहू-हरभरा, पुण्यातल्या मुलानं काढून दिलेली विमानाची तिकिटं, वहिनींच्या पेन्शनमधून चालणारा दवाखाना, हे सगळं तसंच. ही जमेची बाजू आहे आणि ती तुमच्याकडे नसेल तर त्यांचा खर्च तुमचा होत नाही.

माणसं मोजताना

दोन घरांतली माणसं सारखी नसतात. सरळ माणशी भागाकार केला तर मोठं कुटुंब उगाच स्वस्त दिसतं, कारण घर, फ्रीज आणि वायफाय वाटून जातं. यासाठी अर्थशास्त्रज्ञ भार लावतात. एक प्रचलित पद्धत अशी: पहिला प्रौढ १, पुढचा प्रत्येक प्रौढ ०.५, मूल ०.३. समजा शेजारी नवरा-बायको, आजी आणि एक मूल आहे आणि खर्च ६०,००० आहे. त्यांचा भार २.३. तुम्ही दोघंच राहणार, तुमचा १.५. ६०,००० भागिले २.३ गुणिले १.५, म्हणजे ३९,००० च्या आसपास. पण हे भार श्रीमंत देशांच्या सवयीचे आहेत, जिथे खाण्यावर कमी आणि घरावर जास्त जातं. पोळी वाटून घेतली तरी दुसऱ्या माणसाला अर्ध्यात पोट भरता येत नाही. म्हणून जुने भार, १, ०.७ आणि ०.५, लावून पुन्हा करा. शेजारी २.९, तुम्ही १.७, उत्तर ३५,००० च्या थोडं वर. पस्तीस ते एकोणचाळीस ही पट्टी मिळाली, ती पुरे.

वर्षही जुळवावं लागतं. कोणी २०१९ मध्ये ३०,००० सांगितले असतील तर ६ टक्के वाढीनं सहा वर्षांत ते साडेबेचाळीस होतात. ६ टक्क्यांनी खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. पंचेचाळिशीतले ५०,००० सत्तावन्नाव्या वर्षी एक लाख, एकोणसत्तराव्या वर्षी दोन लाख.

सरकारी सरासरीचा मोह अनेकांना होतो, म्हणून तीही बघू. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात देशाच्या शहरी भागातला माणशी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला. चार माणसांचे २७,९८४. म्हणजे इंदुरातलं "तिसांत भागतं" अगदीच हवेत नाही. पण या आकड्यात स्वतःच्या घराचं मानीव भाडं (तेच घर भाड्यानं घेतलं असतं तर पडलं असतं ते) नाही आणि कर्जाची फेड हा उपभोग नसल्यामुळे तीही नाही. शिवाय पंचेचाळिशीत नोकरी सोडायचा विचार करू शकणारं घर सरासरी घर नसतं. त्याच्या आधीच्या वर्षीच्या, २०२२-२३ च्या सर्वेक्षणात शहरातल्या वरच्या ५ टक्क्यांचा माणशी खर्च २०,८२४ होता. चौघांचे ८३,०००. तुमचं घर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढंच त्यातून कळतं.

पेन्शनवाले, पुणेकर

सरकारी पेन्शनरांशी तुलना करायची सवय सगळ्यांत वाईट. त्यांची पेन्शन महागाई भत्त्याबरोबर वाढते, म्हणून ते पेन्शन सगळी खर्चून पुढच्या वर्षीही निर्धास्त असतात. तुम्हाला ती वाढ स्वतःच्या पैशातून काढायची आहे. साठीनंतरच्या सोयीही तुमच्या नाहीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पण साठीनंतर. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांना ५५ नंतर. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन १० वर्षांच्या नोकरीवर मिळते, ती ५८ ला. ५० नंतर, ५८ च्या आधीही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या वेळा ४ टक्के कापून.

पुण्या-मुंबईच्या आकड्यांशी तुलना करताना खर्चाचे दोन ढीग करा. घरभाडं, कामवाल्या, रिक्षा, भाजी, शाळा हा गावागणिक बदलणारा ढीग. मोबाईल, गाडी, औषधं, फ्रीज, विमान हा दुसरा. तो इंदुरात आलात म्हणून स्वस्त होत नाही. पुण्याच्या एकूण आकड्यातून सरसकट तीस टक्के कापणारे हेच विसरतात. आरोग्य विम्यात काही कंपन्या शहराप्रमाणे झोन लावतात आणि इंदूरचा हप्ता मुंबईपेक्षा कमी बसतो. पण त्यातल्या काही पॉलिसींत महागड्या झोनच्या रुग्णालयात उपचार घेतले तर ठरावीक टक्के खिशातून भरावे लागतात. मुलगी मुंबईत असेल आणि ऑपरेशन तिथेच करायचं ठरलं तर वाचलेला हप्ता एका दिवसात निघून जातो. ते कलम पॉलिसीत 'को-पेमेंट' या शब्दाखाली शोधा.

महाराष्ट्रातून इंदुरात परत येणाऱ्यांसाठी आणखी एक ओळ: महाराष्ट्राची पासिंग असलेली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. जुन्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि मग तिकडच्या कराच्या परताव्याचा अर्ज. परतावा येतो तेव्हा येतो, टॅक्स आधी जातो. आणि इंदुरातल्या मराठी घराची अर्धी नाती पुणे-मुंबई-नागपूरकडे असतात. मुंबईच्या अवंतिका एक्स्प्रेसची तिकिटं महिन्याच्या खर्चात नाही तर वर्षाच्या खर्चात दिसतात. दोघांच्या वर्षाला चार खेपा आणि प्रत्येक खेपेत एक आहेर, हे नग लिहून ठेवा.

दवाखाना

इथे दुसऱ्याचा आकडा घ्यायचाच नाही. वय, आजार आणि पॉलिसीचं वर्ष, तिन्ही वेगळं. फक्त एक यादी घ्या: त्यांच्या विम्यात न बसलेला खर्च कोणता होता? दात, चष्मा, श्रवणयंत्र, फिजिओथेरपी, रोजच्या गोळ्या, तपासण्या, रात्रीची बाई. साठीच्या पुढच्या चार घरांत हे विचारलंत की तुमच्या शीटमध्ये नसलेल्या सहा-सात ओळी मिळतील.

हप्त्याला ६ टक्के वाढ पुरत नाही. मी १० टक्के धरतो, म्हणजे सात-सव्वासात वर्षांत दुप्पट. पंचेचाळिशीतला ३०,००० चा हप्ता साठीला सव्वा लाखाला पोचतो. म्हणून ही ओळ बाकी खर्चातून काढून वेगळी वाढवायची. जुन्या हप्त्यांशी तुलना करताना हेही बघा की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. त्याआधीचा २९,५०० चा हप्ता म्हणजे मूळ २५,०००.

नेहमी घडणारी चूक म्हणजे कंपनीचा गटविमा आहे म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्यानंतर घेणं. आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षांची प्रतीक्षा असते. नोकरीची शेवटची तीन-चार वर्षं दोन्ही विमे चालवले तर ती प्रतीक्षा गटविम्याच्या आडोशाला संपते. ते जमलं नसेल तर नोकरी सोडायच्या आत गटविम्याच्याच कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल करायचा अर्ज द्या, शेवटच्या दिवसानंतर तो मुद्दा कठीण होतो. सत्तरी ओलांडल्यावर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मानचं कार्ड मिळतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं. पंचेचाळीस ते सत्तर ही पंचवीस वर्षं आपली आपण.

संपणारे आणि फिरून येणारे

'संपणारा' लिहिलेल्या ओळी ३३ नं गुणू नका. शाळेची फी वर्षाला दीड लाख असेल तर गुणाकारानं साडेएकोणपन्नास लाख दिसतात. पण मुलगी सातवीत असेल तर उरली सहा वर्षं, नऊ लाख आणि वाढ. कॉलेज वेगळं, त्याची पिशवी वेगळी. उलट बाजूनंही हे लक्षात ठेवा: कोणी "एक लाख लागतात" म्हणालं तर त्यात तीस हजारांचा घराचा हप्ता आहे का आणि तो कधी संपतो, ते विचारा. त्यांचा एक लाख चार वर्षांत सत्तर होणार असतो आणि तुम्ही तो आयुष्यभरासाठी उतरवून घेता.

करही बघा. काही जण कर भरून उरलेला आकडा सांगतात, काही त्याआधीचा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत कर लागत नाही हे ऐकून लोक निवांत होतात, पण शेअर आणि इक्विटी फंडांच्या नफ्याला ती सूट लागू नाही. वर्षभरानंतरच्या नफ्यात सव्वा लाखापुढे साधारणपणे साडेबारा टक्के कर लागतो. फंड विकून खर्च चालवणार असाल तर ही ओळ 'दरवर्षी'त जाते.

नोकरी सुटली की खर्च कमी होतो, असं सगळेच गृहीत धरतात. पेट्रोल आणि शर्ट-पँटी कमी होतात, हे खरं. पण पहिली दोन वर्षं राहून गेलेल्या सहली, घराची डागडुजी आणि दुपारी घरी असल्यामुळे वाढलेली वीज ते खाऊन टाकतात. सराफ्यात रात्री खायला शनिवारीच जावं असं बंधनही मग राहत नाही. पहिल्या दोन वर्षांसाठी 'जातं'चा आकडा खाली आणूच नका.

शेवटी फिरून येणाऱ्या ओळी. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. दोन मुली असतील तर दोन जावयांचं वाण, अनारसे घरी केले तरी चांदीचं काहीतरी आलंच. बारा महिन्यांच्या विवरणात हे दर तीन वर्षांतून एकदा दिसतं आणि ते वर्ष तुम्ही नेमकं मोजलेलं नसतं. त्याहून मोठं आवर्तन बारा वर्षांचं आहे. उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटर, २०१६ नंतरचा सिंहस्थ २०२८ ला आहे, आणि तुमचं घर इंदुरात आहे हे पुण्यापासून नागपूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गाद्या, किराणा आणि टॅक्सी धरून त्या वर्षासाठी एक ओळ आत्ताच लिहून ठेवा. शेजाऱ्यांना विचारा, २०१६ ला किती पाहुणे होते. तो आकडा ते बरोबर सांगतील.